वाकून तांब्या बुडेल अशी विहीर

तीर्थरूप मामांना लांबच्या भाच्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा माझ्यावरचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत वाढतात म्हणून विचारलं.) मी बरा आहे, म्हणजे परवापर्यंत होतो.

हे माझं पाचवं काम, आणि मामा, हे एक मला आवडलं होतं. पाणीवाटपाच्या ऑफिसात मी विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल ते सांगतो, कारकूनबाई तक्त्यात लिहितात. ज्या भागातल्या विहिरी भरलेल्या त्याला कालव्याचं पाणी कमी, कोरड्या त्याला जास्त. परवा एकच रकाना रिकामा होता, नेमका आपल्या भागाचा (तिथली मोजणी तुमच्याच विहिरीवरून होते), कारण तिकडचा मोजणीवाला मोटरसायकलवरून पडून घरी बसलाय. बाई म्हणाल्या, "तू तिकडचाच ना रे?" झालं, मला चेव आला. म्हटलं, आमच्या मामांच्या विहिरीत वाकून तांब्या बुडतो. "वाकून म्हणजे किती फूट?" म्हटलं, चार. (मी लहान असताना बुडायचा, खोटं नाही.) बाईंनी चार लिहिलं, साहेबांनी सही केली, आणि आपल्याकडच्या कालव्याच्या तीन पाळ्यांतली एकच उरली.

संध्याकाळी खोलीवर येऊन फुशारकीतच तुमचं मागचं पत्र काढलं. पहिल्या पानावर तुम्ही माझी हजेरी घेतली होती, म्हणून दुसरं तेव्हा उलटलंच नव्हतं. (मला वाचायला वेळही लागतो, शाळेचं तुम्हाला ठाऊक आहे.) दुसऱ्या पानावर होतं, विहिरीचं पाणी साठ फुटांवर गेलंय, यंदा कालवा नीट आला तरच बाग जगेल. मामा, त्यातली निम्मी झाडं आपण दोघांनी लावलेली.

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी ग्लासभर पाणी प्यायले (सावकाश), मग म्हणाले, विहीरमालकाची लेखी तक्रार पंधरा दिवसांत आली तरच फेरमोजणी.

तुमचाच,
न मोजता बोलणारा भाचा

ता. क. तेवढी तक्रार आजच लिहा. "ऑफिसातल्या कुणा गाढवाने" असं मोघम लिहा, नाव घालू नका.

ता. क. २. नाव घालाच. नाहीतर कागदोपत्री ठपका बाईंवर येईल, आणि त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला. फेरमोजणीला दुसरा कुणी येईल, त्याला लांब टेप आणायला सांगा. मी तोवर या कामावर नसेन, म्हणजे घरी येईन. पुढचं पत्र पाठवू नका, दोन्ही पानं तोंडावरच ऐकवा.