वाडीहून आणलेली मूर्ती

टॅला, डब्लिन
१७ डिसेंबर २०२५

योगिनीताईस,

हरीशचा नमस्कार. मी ग्रँड आहे, म्हणजे मजेत, इथं सगळे तसंच म्हणतात. थंडी मरणाची. तुझ्या फोनला सासूबाईंचे कान असतात, म्हणून शेजारच्या ज्ञानदाच्या पत्त्यावर हा कागद. वाचून चुलीत घाल.

लासारोबद्दल मागं बोललो होतो. तुझ्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे राजाभाऊंच्या हॉटेलात माझ्याबरोबर राबणारा क्यूबाचा माणूस. त्याचा बाप ऊस तोडायचा, आजाही तेच. त्या आज्याच्या आज्याला आफ्रिकेतून जहाजात बांधून आणलेला, त्यालाही ऊसच तोडायला लावला. मी म्हटलं, लेका, तू तर आमच्या शिरोळकडचाच!

स्वयंपाकघरातल्या कपाटात त्यानं एक मूर्ती ठेवलेली. कुबड्या घेतलेला म्हातारा, पायाशी कुत्री. मी दत्त समजून हातच जोडले. तो हसला. म्हणाला, हा सान लासारो, आजाऱ्यांचा वाली, माझं नाव याचंच. पण आत दुसराच आहे. गोरे मालक आफ्रिकेचे देव पुजू देत नव्हते, म्हणून गुलामांनी मालकांच्याच संताआड आपला बाबालू लपवला. मालक पुढ्यात हात जोडायचा आणि त्याला पत्ताच नाही.

ताई, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

नोव्हेंबरात राजाभाऊंना ती मूर्ती दिसली. "हा महारोगी इथं कशाला?" म्हणाले आणि कचऱ्याच्या बिनमध्ये फेकली. लासारोनं लेकीच्या दुखण्यासाठी त्या मूर्तीला नवस बोललेला. तो बिनमध्ये कमरेपर्यंत वाकून शोधत होता आणि मला तू दिसलीस. बाबांनी दत्ताच्या वाडीहून आणलेला प्रसाद याच माणसानं तुझ्या सासरच्या अंगणात भिरकावला होता ना? "तुमच्या हातचं आमच्यात चालत नाही." तू मातीतले पेढे वेचत होतीस. बाबांनी चपला घातल्या, ते मरेपर्यंत त्या उंबऱ्यावर आले नाहीत. तू ते विसरलीस म्हणतेस. मी नाही.

दत्तजयंतीला सिटीवेस्टच्या घरी राजाभाऊंचा महाप्रसाद. इथल्या हॉस्पिटलातले आपले मराठी डॉक्टर, त्यांची बायकापोरं. मखर मी सजवलं. दत्ताच्या तसबिरीपुढं सान लासारो ठेवला, जांभळी शाल, गळ्यापर्यंत शेवंती. कुबड्या झाकल्या, कुत्री उघडी. आरती झाली, राजाभाऊ पोट सांभाळत आडवे झाले, कपाळ टेकलं. डॉक्टर मृणालिनीबाई म्हणाल्या, "अय्या, एकमुखी दत्त! कुठून आणलात हो?"

माणूस जरा गडबडला. मग छाती काढून म्हणाला, "वाडीहून. मुद्दाम मागवली."

मी लासारोला आतून हाक मारली. तो आला, गुडघ्यांवर बसला, त्यानं हळूच शाल सारली. कुबड्या दिसल्या. मी म्हटलं, "वाडीहून नाही, राजाभाऊ. तुमच्याच बिनमधून काढली."

आधी एक पोरगी फिस्सकन हसली. मग कोण हसलं नाही ते विचार. राजाभाऊंच्या कपाळावर बुक्का तसाच.

दोघांची नोकरी गेली, ते तुला कळलंच असेल. इथं राहायच्या परमिटचं बघू. मी लासारोच्या सोफ्यावर झोपतो.

आज सान लासारोचा दिवस. क्यूबात लोक गुडघ्यांवर, दगड ओढत त्याच्या देवळापर्यंत जातात. लासारो इथल्या चर्चपर्यंत ओल्या फुटपाथवरून तसाच गेला, मी छत्री धरली. त्यानं लेकीसाठी मागितलं. मी राजाभाऊंचं वाटोळं मागितलं. खोटं कशाला लिहू?

आता जे लिहायचं टाळत होतो ते. काल राजाभाऊंचा निरोप आला. चारचौघांत येऊन पाय धर, नाहीतर तुझ्या बहिणीची ट्रंक रस्त्यावर. आणि आपल्याला आता माहेर म्हणायला दारही नाही, हे त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या कुणासाठी मी जाणार नाही. तू जा म्हणालीस तर जाईन, पायही धरीन.

म्हणून हात जोडतो ताई, म्हणू नकोस.

अजून न वाकलेला,
तुझा हरीश