आबा शिवी देणार नाहीत अशी गाडी

४ ऑक्टोबर, शनिवार

आबांनी टॉवेल दातांत धरला होता. लोधिवलीच्या फाट्यापासून थेट आमच्या अंगणापर्यंत. रिक्षा खड्ड्यात गेली की टॉवेल आणखी आत जायचा, पण तोंडातून आवाज नाही. मी मधे, पलीकडे माझी बायको भाविका. मी आपला रिक्षावाल्याला ‘सावकाश, सावकाश’ करत होतो. शेवटी तो वैतागला. म्हणाला, मग खांद्यावर घेऊन जा. खरं तर तेच बरं झालं असतं!

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी आज एमआरआय समोर लावून दाखवला. कमरेतला मणका टीबीने कुरतडलाय. मला वाटायचं टीबी छातीतच होतो. आबांना तर साधा खोकलाही नाही. नुसती कमर दुखते म्हणत होते, आणि मधूनच कमरेतून पायात वीज गेल्यासारखं होतं म्हणत होते. गोळ्या वर्षभर, कदाचित जास्तच. पट्टा कायम. पंधरा दिवसांनी दाखवायला आणायचं. बरे होतील असंही बाई म्हणाल्या, मी ऐकलं. पण त्यापुढचं वाक्य डोक्यातून जात नाही.

“धक्का बसू देऊ नका. मणका दबला तर पाय जातील.”

किती साधेपणानं म्हणाल्या. आणि आम्ही त्यांना तिथूनच एसटीत आणि मग रिक्षात घातलं.

५ ऑक्टोबर

गाडी घ्यायची. घ्यायची म्हणजे घ्यायचीच.

भाविका म्हणते, इलेक्ट्रिकच घेऊ. चौक गावच्या शाळेत तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंकडे आहे. इंजिनची थरथर नाही, गिअर बदलताना हिसका नाही. चालवणार तीच. मला गाडी येत नाही. शिकायला गेलो होतो, तर पहिल्याच आठवड्यात समोरून खडीचा डंपर आला आणि मी डोळेच मिटून घेतले. शिकवणाऱ्यानं नमस्कार केला.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, “गाडी कशाला रं? माथेरानवरनं एक घोडा आन, त्यावर बशीन.” आई हसली. मला हसू आलं नाही. घोड्यावर बसलेले आबा आणि त्यांची कमर, एवढंच दिसलं.

७ ऑक्टोबर

कंपनीची बस आज त्याच रस्त्यानं गेली. दर खड्ड्याला माझीच कमर धरून ठेवली होती. शेजारच्यानं विचारलं, दुखतंय का. हो म्हटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पनवेलला शोरूममध्ये. भाग्यश्री म्हणून एक मॅडम होत्या, फार नम्र. निळी गाडी दिली, चक्कर मारून आणली. सायन-पनवेलच्या रस्त्यावर! तिथं हातगाडीसुद्धा मऊ लागेल. मी पुढं बसून मान डोलवत होतो, छान आहे, छान आहे. मागून भाविका म्हणाली, “अहो, तुम्ही पुढं बसून काय बघताय? आबा मागं बसणार ना?”

मग मी मागं गेलो. एका गतिरोधकावर टाळूपर्यंत कळ गेली. पुढं असताना असाच एक गेला होता तो कळलाही नव्हता. मागं म्हणजे चाकाच्या डोक्यावरच बसायचं. वर सीट इतकी खाली की गुडघे वर येतात आणि सगळा भार कमरेवर. मॅडमना म्हटलं, गाडी आमच्या रस्त्यावर आणा, मगच सांगतो. त्या कबूल झाल्या.

आबांना पुढंच बसवायचं, हे मी घरी येऊन जाहीर केलं. पुढची पाठ मागं रेलते, पाय लांब होतात, धक्काही कमी. आबांनी माझ्याकडं मी काहीतरी वंगाळ बोललो असल्यासारखं बघितलं. म्हणाले, “सुनंच्या शेजारी बसू मी? गावातनं?”

भाविका म्हणाली, आबा, मी शाळेतल्या शिपायालाही शेजारी बसवते. त्यावर आबा आणखीच बिथरले. पुढं बसणार नाही तो नाहीच.

१२ ऑक्टोबर

निळी गाडी आली. भाविका चालवायला, मागं आबा आणि मी. फाट्यापर्यंत जाऊन परत. या पावसानं आणि डंपरांनी मिळून रस्ता असा केलाय की खड्डा चुकवायचा तर दुसऱ्या खड्ड्यातूनच जावं लागतं.

मी सारखा आबांच्या तोंडाकडं बघत होतो. कसं वाटतंय? “फस क्लास.” लागलं का? “नाय रं.” आता? “झ्याक हाय गाडी.” भाविका आरशातून माझ्याकडं बघून हसली. मी जवळजवळ हो म्हणणारच होतो.

घरी आल्यावर आबांना उतरताच येईना. कपाळावर घाम. आई आत घेऊन गेली, आणि नंतर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, “सुनंच्या म्होरं मानसानं कन्हायचं कसं? तू बी येडाच हायस.”

म्हणजे त्या दिवशीचा टॉवेलही भाविकासाठी होता! रिक्षात ती होती म्हणून. या माणसाला विचारून काही कळणार नाही. आणि मी त्यांच्याच उत्तरावर गाडी घ्यायला निघालो होतो.

१५ ऑक्टोबर

सापडलं! रोहिदास.

माझा चुलतभाऊ, कुंभिवलीच्या एका कंपनीची गाडी चालवतो. आज दुपारी आला होता. आबांना खाटेवरून उठवताना त्याचा हात जरा वाकडा लागला, तर आबांनी त्याच्या आईपासून त्याच्या बैलापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. रोहिदासला त्याचं काहीच वाटलं नाही. आबा त्याला लहानपणापासून असंच बोलतात. भाविका शाळेत होती.

रोहिदासनं चालवायचं, आबांनी त्याच्या शेजारी पुढं बसायचं, भाविकानं यायचं नाही. आबा दुखेल तिथं शिवी देतील. बस, तीच माझी परीक्षा. ज्या गाडीत शिवी नाही, ती गाडी घ्यायची.

भाविकाला सांगितलं. तिला वाईट वाटलं असावं. चालवणार मीच आहे ना शेवटी, म्हणाली. तेव्हाचं तेव्हा बघू, म्हटलं.

१६ ऑक्टोबर

पांढरी, उंच गाडी. भाग्यश्री मॅडमनी सुट्टीचा दिवस नसूनही पाठवली. चढायला-उतरायला सुरेख, आबा नुसते टेकले आणि आत गेले. तिथंच मला ती आवडली होती.

पण रस्त्यावर! आबांची टकळी घराच्या वळणापासूनच सुरू झाली. “आयला तुझ्या… आरं धर ना… मेलो की रं भाड्या!” मी मागं बसून डोळे घट्ट मिटलेले. प्रत्येक शिवीला वाटायचं, आता दबला. आता आवाज येईल. मणका दबताना आवाज येतो का? कोणाला विचारायचं?

रोहिदासचं म्हणणं, या गाड्यांत बॅटरी बुडाशी असते, जड असते, म्हणून स्प्रिंगा कडक ठेवतात. गाडी रिकामी असली की जास्त आपटते, भरली की बसते. शिवाय पायडलवरून पाय काढला की गाडी आपली आपणच आखडते आणि बसलेल्याची मान पुढं. ते बटणानं कमी करता येतं, त्यानं केलंही. त्यानंतर हिसक्याच्या शिव्या थांबल्या. खड्ड्यांच्या चालूच राहिल्या.

पांढरी नको.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पनवेल. रोहिदासनं कंपनीची गाडी मागून आणली, बैलगाडीच्या वेगानं नेली, तरी आबा शिव्या देत गेले आणि शिव्या देत आले.

बाई म्हणाल्या, गोळ्या लागू पडतायत असं दिसतंय. मी त्यांना गाडीचंच विचारलं. कुठली घेऊ? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, कुठलीही घ्या, हळू चालवा, आणि त्यांना विचारत राहा, पायांत काही फरक वाटला तर लगेच आणा. मी मान हलवली.

विचारतोच तर आहे! उठल्यापासून निजेपर्यंत विचारतोय. आबा आता मला बघितलं की तोंड फिरवतात.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आबांनी पाटावर बसायचा हट्ट केला. मी बसू दिलं नाही.

रात्री जेवताना भाविका म्हणाली, “तुम्हाला गाडी नकोय. काही होणार नाही असं कुणीतरी लिहून द्यायला हवंय.”

खरं आहे. देतं का कोणी?

२६ ऑक्टोबर

निळी गाडी पुन्हा मागवली. या वेळी आधी पंक्चरवाल्याकडं हवा बघितली. जरा जास्तच होती, ती बेतात केली. मागं मी, आई आणि तांदळाचं पोतं, म्हणजे भार हवा म्हणून. आई म्हणाली, आपुन लग्नाला चाललोय का रं.

फरक पडला. शिव्या निम्म्यावर आल्या. पण रेल्वे फाटकाच्या अलीकडं एका खड्ड्यात आबा ओरडले ते शिवी न देता ओरडले. नुसतं “आई!” एवढंच. सत्तरीचा माणूस. शेजारी बसलेली माझी आई एकदम माझा हात धरून बसली. मी गाडी तिथंच वळवायला लावली.

आबांना ‘आई’ म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला खूप भीती वाटतेय. दुसरं काही लिहिता येत नाही.

२८ ऑक्टोबर

शेतात भात आडवं पडायला आलंय. आबा खाटेवरून मजुरांना सूचना देतात. पाय पांघरुणात. कामावर निघताना मी रोज बघतो, अंगठा हलवा म्हणतो. ते हलवतात. आज हलवला नाही. “तुझ्या बापाचा पाय हाय, तुझा न्हवं,” म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं. खवळलेत. उद्यापासून विचारणार नाही. माणसाला किती छळायचं?

१ नोव्हेंबर, शनिवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

राखाडी रंगाची. दुसऱ्या शोरूमची, खोपोलीहून आणली. सीट उंच, मांडीखाली पुरेशी लांब, पाठ हवी तेवढी मागं जाते. टायर जाड, कडा उंच. रोहिदासनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ही बरी असंल दादा. मी नुसता टायरला हात लावला. बोललं की दृष्ट लागते अशी माझी अवस्था झालीय.

आज पनवेलला दाखवायचा दिवस होता, पण बाई गावाला गेल्यात, मंगळवारी बोलावलंय. म्हणून नुसतीच चक्कर. आबा पुढं, मी मागं. घराचं वळण गेलं. शिवी नाही. डंपरांनी खणलेला चढ गेला. शिवी नाही. मी श्वास धरून बसलो होतो. त्या फाटकाच्या खड्ड्याशी मी दोन्ही हातांनी सीट धरली. गाडी खाली गेली, वर आली. आणि आबा रोहिदासला म्हणाले, गावातल्या पोशाच्या शेतातली कापणी झाली वाटतं, बघ कसं मोकळं दिसतंय.

पोशाच्या शेताचं! खड्ड्याचं काही नाही!

मी पुढं वाकून विचारलं, आबा, लागलं का?

“लागलाच नाय रं. पायात ती वीज बी आली नाय आज. ही गाडी झ्याक हाय.”

भाविका गाडीत नव्हती. म्हणजे खोटं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा हसले, आणि मागं हात करून माझ्या डोक्यावर टपली मारली. किती महिन्यांनी!

मी रडलो. रोहिदास समोर बघत राहिला, भला माणूस. उतरताना आबांनी माझ्या खांद्यावर सगळाच भार टाकला, पाय जरा फरपटले. एवढं फिरल्यावर थकणारच. पाठीवर हात ठेवून आत नेलं. आईनं गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं, अजून आपली झालीही नाही तर. संध्याकाळीच फोन करून हो कळवलं. भाविकाला म्हटलं, आता तू चालव, आबांनी कण्हायचंच कारण नाही. ती हसली आणि माझ्यापुढं भाकरी वाढली. मी तीन खाल्ल्या.

चार ऑक्टोबरपासून आज पहिल्यांदा धड झोप लागेल.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आईनं आबांचे पाय शेकायला घमेल्यात पाणी आणलं. आबांनी पाय बुडवले आणि म्हणाले, “गार हाय गं. जरा कढत आन.”

आई घमेलं न्यायला वाकली आणि किंचाळली. मी हात घातला. माझी बोटं भाजली. आबांचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते आणि ते आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होते, काय झालं म्हणून.

काल धक्के बसतच होते. आबांना कळत नव्हते.

रोहिदासला फोन केला. मिळेल ती गाडी घेऊन ये म्हटलं.