उन्हाचा कोपरा

मंगळवार, डिसेंबर. संध्याकाळ

सासूबाईंची ती खुर्ची आज सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आमच्या बिबवेवाडीच्या बाल्कनीत ऊन येतं ते एकाच कोपऱ्यात, तेही सकाळी थोडा वेळ. पहिल्यांदाच भाजी लावायची म्हणून मी सगळं वाचून ठरवलं होतं. माती, शेणखत, टोमॅटोची दोन रोपं. ऊन हवं म्हणून दोन्ही कुंड्या त्या कोपऱ्यात मांडल्या. तिथे रोज कोण बसतं, हे कसं लक्षात आलं नाही माझ्या?

आज घरूनच काम होतं म्हणून दिसलं. खुर्ची आत, दाराशी. आई शाल गुंडाळून गुडघे चोळत बसलेल्या.

“अहो आई, उन्हात का नाही बसलात?”

“मी बसून मला काय टोमॅटो लागणार आहेत?”

आधी हसू आलं, मग लाज वाटली. कुंड्या बाजूला ओढल्या, खुर्ची तिच्या जागी ठेवली, आईंना बसवलं आणि मगच कामाला लागले. मीटिंग संपवून येते तर काय, आई खुर्चीत, उन्हात, आणि मांडीवर एक कुंडी! साडीला सगळी माती. दुसरी कुंडी पायाशी, तिच्यावरही ऊन.

“बघत काय उभी राहिलीस? तुझी मीटिंग असेल.”

खुर्ची मी आत घेतलीच नाही. आत्ता पाणी घालताना पाहिलं, मांडीवरच्या त्या रोपाला पानाआड एक पिवळी कळी आलीये. सकाळपर्यंत उमलेल. आईंना सांगितलेलं नाही. उद्या कुंडी मांडीवर घेतील, तेव्हा त्यांचं त्यांना दिसू दे.