जेबासाठी केलेला कम्प्रेसर

११ जून १९९९, शुक्रवार

परत तेच! दोन सूर वाजवले नाहीत तोच जेबा तव्यावरची भाकर तशीच टाकून अंगणात. मागं गेलो तर लिंबाला टेकून उभी, हात थंडगार. म्हणाली, "तुम्ही वाजवा. मी इथं बरी हाय." असं कसं वाजवणार? गिटार पिशवीत घातली, दुकानात नेऊन ठेवली.

लग्नाला चार वर्षं झाली. बाकी कशाची तक्रार नाही बाईची. खानावळ एकटीनं चालवते. एकोणीस पोरं जेवतात आमच्याकडं, सगळी बारावीची, सगळी डॉक्टर होणार! कुकरची शिट्टी चालते तिला. मिक्सर चालतो. रस्त्यानं वरात गेली तर दारात उभी राहून बघते. माझी गिटार तेवढी नको. आणि पदरात पडला कोण, तर ऑर्केस्ट्रातला गिटारवाला!

किल्लारीची आहे ती. भूकंपात आई-बाप गेले, धाकटी बहीण उमैमा गेली. हिला नऊ तासांनी बाहेर काढलं. यापलीकडं मला काही माहीत नाही. ती सांगत नाही, मी विचारत नाही.

१३ जून

दोन दिवस एकच विचार करून राहिलो. तार छेडली की पहिला ठोका बसतो – ठण्ण! – तोच सोसत नसणार तिला. काहीतरी कोसळल्यासारखा वाटत असेल. दुसरं काय असणार?

१९ जून

आता सराव दुकानात. एका बाजूला दुरुस्तीला आलेले रेडिओ-टेप उघडून पडलेले, मधे मी अन् गिटार. पण दुकानाच्या वरच सत्यम सरांचा फिजिक्सचा क्लास! आज जिना उतरून खाली आले, हातात खडू तसाच.

"मुनीबभाई, वर मी प्रकाश शिकवून राहिलो अन् खाली तुमची वरात निघाली!"

चहा पाजला. माणूस चांगला आहे, पण म्हणणं पक्कं – सकाळी सात ते रात्री नऊ आवाज नको. घरी बायको, दुकानात सर. सगळं लातूर अभ्यासाला बसलंय, मी वाजवू कुठं?

४ जुलै, रविवार

आज फार वाईट झालं.

गुंडप्पा हैदराबादहून डिलेचं पेडल घेऊन आला. गुंडप्पा म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक, ढोलकही तोच वाजवतो. नवीन वस्तू आली की त्याला दम निघत नाही, सरळ घरी आला. जेबा बाजारात गेली होती, म्हटलं चला. जोडलं. एक सूर छेडायचा, अन् तोच सूर परत येतो, परत येतो, दर वेळी आधीपेक्षा बारीक. जणू डोंगरात कोणी साद घालतंय. गुंडप्पा खूश – "आता बघ लग्नात कसे वेडे होतात लोक!"

जेबा कधी दारात आली कळलंच नाही. हातातली पिशवी पडली, घरभर कांदे. दोन्ही कानांवर हात.

"बंद करा! बंद करा ते!"

गुंडप्पानं वायरच उपटली. एवढा थोरला माणूस, गुडघ्यावर बसून कांदे गोळा करत होता, "भाभी, माफ करा... भाभी..." म्हणत. ती अर्धा तास अंगणात जाऊन बसली. मग उठली, स्वयंपाक केला अन् त्यालाच आग्रहानं जेवायला बसवलं. अशी आहे!

तो गेल्यावर म्हणाली, "ती साद घालणारी पेटी चांगली असंल तुमची. माझ्यासमोर नको."

११ जुलै

सापडलं! इलेक्ट्रॉनिक्सचा एक जुना अंक रद्दीत होता, त्यात कम्प्रेसरचं सर्किट. काम साधं – जोरात आलेला आवाज दाबायचा, विरत चाललेला उचलून धरायचा. म्हणजे पहिला ठोका मऊ होणार! हेच पाहिजे जेबासाठी. आणि आवाज बारीक ठेवला तरी सूर लांबेल, म्हणजे सत्यम सरही गप्प.

गुंडप्पाला सांगितलं. "कम्प्रेसर? पंक्चर काढणार का आता?" लई हसला.

१८ जुलै

सगळे पार्ट मिळाले, एलडीआर तेवढा मिळेना. एलडीआर म्हणजे वाटाण्याएवढी चकती. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जाते, अंधारात अडते. सहज सरांजवळ बोललो.

"एलडीआर? अहो, आमच्या सिलॅबसमध्ये आहे तो!" प्रयोगाच्या डब्यातून दोन काढून दिले. वर विचारलं, "करताय काय?" सांगितलं. गिटारचा आवाज एका बारक्या दिव्याला द्यायचा. जोरात वाजवलं की दिवा जास्त पेटणार, समोरच्या एलडीआरवर उजेड पडणार, तो आवाज खाली ओढणार. दोघांना बाहेरचा उजेड लागायला नको म्हणून पेनच्या काळ्या टोपणात बसवायचं.

सरांचे डोळे चमकले. "कोणासाठी?" म्हणाले.

"बायकोसाठी."

सर सोल्डरिंग संपेपर्यंत टॉर्च धरून बसले.

१ ऑगस्ट

तयार झाला! पानाचा जुना पितळी डबा, त्याला दोन बटणं – एक सस्टेन, म्हणजे सूर किती लांबवायचा ते, अन् एक लेव्हल. पायानं दाबायची कळ. नऊ व्होल्टची बॅटरी, चालू असला की पेटणारा लाल दिवा.

आणि फसला. सूर लांबतो, सुंदर लांबतो – पण पहिला ठोका तसाच! ठण्ण जशाचं तसं. अंकात परत वाचलं. एलडीआर आळशी असतो म्हणे, तो जागा होईपर्यंत ठोका निसटून जातो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच झालं नाही.

डबा घरी आणून फळीवर ठेवला. जेबानं विचारलं, "झालं का तुमचं?" म्हटलं, "न्हाई झालं."

८ ऑगस्ट, रविवार



दुपारी जेबा शेजारी गेली होती. डबा परत तपासावा म्हणून जोडला. सस्टेन अर्ध्यावर. एक सूर वाजवला अन् तसाच सोडून दिला, ऐकत बसलो. मान वर केली तर जेबा दारात.

मी तारांवर हात ठेवणार, तर म्हणाली, "राहू द्या."

सूर विरेपर्यंत उभी होती. मग – "अजून एक."

वाजवला. ठण्ण झालं, मीच दचकलो! ती नाही. आत आली. उंबऱ्याच्या आत, खाली बसली. चार वर्षांत पहिल्यांदा मी वाजवतोय अन् ती त्याच खोलीत.

कसं काय? ठोका तर तसाच आहे! कळत नाही. विचारलंही नाही. नजर लागायची.

१५ ऑगस्ट

आज स्वतः येऊन डब्यापाशी बसली. "हे काय, हे काय" करत दोन्ही बटणं फिरवून बघितली. सस्टेनचं एकदम शेवटपर्यंत नेलं. मी म्हटलं, "एवढं न्हाई गं, सळसळ वाढते. पंखा, बल्ब, सगळ्यांचा आवाज उचलतो तो." खरंच, सगळी खोली सुस्कारे टाकायला लागली.

"असू द्या सळसळ," म्हणाली. "थांबत तर न्हाई ना."

तिच्यासाठी सळसळीसकट वाजवलं. ऑर्केस्ट्रात कोणी वाजवलं असतं असं तर मीच हाकलला असता त्याला!

२९ ऑगस्ट

जेबाचे नवे हुकूम: दुपारच्या भाकरी झाल्यावर वाजवायचं. ती तांदूळ निवडत बसणार. जेवायला आलेला एखादा पोरगा "भैया, जरा ते वाजवा ना" म्हणाला की ही आधी डोळे वटारणार – "अभ्यास झाला का?" – मग मलाच म्हणणार, "वाजवा एक. लहानसं."

गालातल्या गालात हसते. मला दिसतं.

२६ सप्टेंबर

गणपतीचे कार्यक्रम संपले, जीव थकला. गुंडप्पा सगळ्या मंडळांत सांगत होता, "आमच्या मुनीबनं स्वतः बनवलाय, पानाच्या डब्यात!" पंक्चरवाला विनोद आता करत नाही.

एक शिकलो – डब्यातली गिटारच्या वायरची पिन काढायला विसरलं की बॅटरी आपोआप उतरते. दोनदा विसरलो.

३० सप्टेंबर

आज भूकंपाला सहा वर्षं झाली. जेबानं स्वयंपाक केला नाही. पोरांनी आपसूक बाहेर जेवून घेतलं. मी दुकान उघडलं नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

किल्लारीहून यासेर आला. जेबाचा मामेभाऊ. त्याचं लग्न ठरलं, १४ नोव्हेंबरला, तिथंच. नवं गाव वसलंय ना, सरळ गल्ल्या, सारखी घरं, तिथं.

"दुल्हेभाई, गिटार घेऊन यायचं! तुमच्या अन् गुंडप्पाभाईंच्या हातूनच पाहिजे."

मी जेबाकडं बघितलं. सहा वर्षांत ती त्या रस्त्याला गेलेली नाही. वाटेतल्या औशाचं नाव निघालं तरी उठून जाते. यासेरलाही कळलं असावं, चहाच्या कपात बघत बसला. म्हणाला, "आपा, तू न्हाई आलीस तर मी समजून घेईन. खरंच."

ती आत गेली. बाहेर आली ती हातात साखर घेऊन. त्याच्या तोंडात घातली. "येते," एवढंच म्हणाली.

१० नोव्हेंबर

चार दिवस राहिले. खानावळीतल्या पोरांना चार-चारदा सांगून झालं – कुठं जेवायचं, कुणाकडं. माझी शेरवानी इस्त्रीला. जेबा शांत आहे, जास्तच शांत. विचारलं, "जमंल ना?"

"तुम्ही वाजवणार हाय ना?"

"हाव."

"मग."

१५ नोव्हेंबर, सोमवार

काल जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी जीपनं निघालो. जेबा खिडकीशी. औसा मागं पडल्यावर माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं, ते किल्लारीपर्यंत सोडलं नाही. उतरल्यावर बायका धावत आल्या, तिला मधे घेऊन गेल्या. ओळखीची म्हातारी एक, तिच्या तोंडावरून नुसते हात फिरवत होती.

निकाह झाला, जेवणं झाली. दुपारचे तीन. मांडवात मधे कनात – अलीकडं आम्ही पुरुष, पलीकडं बायका. गुंडप्पा ढोलकवर, मी गिटारवर. दोन गाणी छान गेली. तिसरी मुलीच्या पाठवणीची धून, लांब लांब सुरांची. डोळे मिटून वाजवत होतो. एका जागी सूर वर न्यायचा अन् तिथंच धरून ठेवायचा. नेला –

अन् मधेच गेला! विरला नाही, तुटला. डब्यावरचा लाल दिवा विझलेला. सकाळी तपासताना लावलेली पिन मी काढलीच नव्हती! गुंडप्पाचा हात ढोलकवर तसाच अधांतरी. मांडवात एकदम शांतता.  कार्यक्रम जाऊ दे, कनातीपलीकडं जेबा होती.

आणि पलीकडून सूर आला. तोच. जिथं माझा तुटला, अगदी तिथूनच. बाईचा आवाज, आधी कापरा, मग भरत गेला. शब्द नाहीत, नुसता 'आ'कार. धरून ठेवला, धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत.

चार वर्षांत मी जेबाला गाताना ऐकलेलं नाही. तरी ओळखला.

मग दुसरी बाई मिसळली, मग तिसरी. गुंडप्पानं हलकेच ठेका धरला. सगळ्या बायका गायला लागल्या. मी गिटार मांडीवर घेऊन नुसता बसलो. यासेर सेहऱ्याच्या आत रडत होता.

परतीच्या जीपमध्ये ती झोपली. खांद्यावर डोकं. 

१६ नोव्हेंबर

आज भाकरी थापता थापता, मी न विचारता, जेबा बोलली.

"ठोक्याला मी कधी भ्याले न्हाई. सूर तुटतो ना, त्याला भ्यायचे. उमैमा माझ्या जवळच होती, हात पुरत न्हवता. आपा, आपा म्हणून हाका मारायची. दर वेळी बारीक. मला ओ द्यायची होती, पण तोंडात माती होती. मग एक हाक अर्धीच आली."

भाकर उलटली.

"परवा तुमचा सूर तुटला, आन माझ्या तोंडात माती न्हवती."