किटलीची टोपी

बाई, तुम्ही दिलेली किटलीची टोपी, चहा गरम राहावा म्हणून लोकरीनं विणलेली ती, अजून माझ्याकडे आहे. ती मी हिवाळ्यात डोक्यावर घालतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जीभ जरा सैल होईल. दांडीसाठी आणि तोटीसाठी तुम्ही विणताना जी दोन भोकं ठेवली होती, त्यांतून माझे कान बरोबर बाहेर येतात. मी इथे बर्लिनमध्ये सायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. टोपी उबदार आहे, फक्त कान गारठतात, आणि सिग्नलला थांबलो की लहान मुलं आईचा हात ओढून माझ्याकडे दाखवतात. तर ते असो. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. मी बारावीत होतो, बार्शीच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा होतो, आणि कुणीतरी सहज सांगितलं की इंग्रजीच्या बाई गेल्या. मी तो रस पूर्ण प्यायलो. का कोण जाणे, ते अजून आठवतं.

दहावी झाल्यावर टोपी हातात देताना तुम्ही म्हणाला होता, इंग्लंडला गेलास तर मला लिही. ते राज्य कसं करतात ते लिहू नकोस, ते पुस्तकात आहे. एकमेकांकडे चहाला कसे जातात ते लिही. मी गेलो, बाई. कॉलेजची एक अदलाबदलीची योजना होती, त्यांचा एक पोरगा इकडे आणि आपला एक तिकडे, आणि मुलाखतीत माझं इंग्रजी इतरांपेक्षा बरं निघालं. ते बरं कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच-सहा जण तुमच्या स्वयंपाकघरात. जत्रेतून आणलेल्या कपबशा, काकडीच्या चकत्या घातलेला पाव, शेजारच्या घरातून येणारा भाजलेल्या वांग्याचा वास, आणि तुम्ही ओट्याला टेकून उभ्या. आज हा यजमान, ती पाहुणी. बशीत ओतायचं नाही. फुर्र करायचं नाही. साखर किती ते विचारायचं, आणि उत्तर ऐकायचंसुद्धा. इंग्रज माणूस शब्दाचा पक्का, हे तुमचं वाक्य ठरलेलं. तुम्ही सोलापूरच्या पलीकडे फारशा गेला नव्हता हे आम्हाला माहीत होतं, पण त्या वयात ते काही वाटत नाही.

पहिल्यांदा त्यांच्या राज्याचंच सांगतो, कारण लक्ष तिकडेच जातंय. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात मी एक सत्र होतो. एकदा फार गारठलो म्हणून टाउन हॉलमध्ये शिरलो, तर आत सभा चाललेली आणि कुणी मला बाहेर काढेना. उलट एका बाईंनी खुर्ची दाखवली. विषय होता बेकरीसमोरचा बाक. तो रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा की नदीकडे. अध्यक्षांच्या गळ्यात साखळी, आणि प्रत्येक जण बोलायला उठला की आधी समोरच्याबद्दल अतिशय आदर आहे असं म्हणायचा आणि मग त्याला सोलून काढायचा. शेवटी निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. आपल्या नगरपालिकेत याहून वेगळं काय होतं, फक्त यांच्या खुर्च्या जागेवर राहतात. मला तुमचा तास आठवला, नागरिकशास्त्रही तुम्हीच घ्यायचात. त्यांची राज्यघटना एका पुस्तकात लिहिलेली नाही, बरंच काही संकेतांवर चालतं, असं तुम्ही फळ्यावर लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. हा संकेत प्रकार माझ्या अंगावर लवकरच आला. समोरच्या घरातलं जोडपं येता-जाता हसायचं. एकदा त्या बाई म्हणाल्या, चहाला यायलाच हवं हं तुम्ही कधीतरी. झालं. इंग्रज माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या रविवारी चार वाजता मी टाय लावून, आईनं दिलेला चिवडा डब्यात घेऊन त्यांच्या दारात. नवरा हाफ चड्डीत गाडी धूत होता, बाईंच्या केसांना टॉवेल. इतकी माफी मागितली बिचाऱ्यांनी, जणू मी नाही, तेच माझ्या घरात घुसले होते. मोठ्या मगात पिशवीसकट चहा दिला, तो मी ओट्यापाशी उभ्यानंच प्यायलो, आणि चिवडा तसाच परत आणला. खोलीतला मित्र पोट धरधरून हसला. अरे, ते नुसतं म्हणतात तसं, म्हणाला. जायचं नसतं.

त्या रात्रीपासून बाई, तुम्ही माझा विनोद झालात. आमच्या गावच्या बाई, कधी विमानात बसल्या नाहीत आणि आम्हाला इंग्रजांच्या घरी कसं बसायचं ते शिकवायच्या, इथून मी सुरुवात करायचो. टाय, चिवडा, टॉवेल, सगळं मीठमसाला लावून. इथे जर्मनीत गणपतीला मराठी मंडळी जमतात, पुण्या-मुंबईची, सॉफ्टवेअरमधली, त्यांच्यात तर ही गोष्ट फार चालते. एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, अरे परत सांग ना, यांनी ऐकलं नाही. मी परत सांगितलं. तुमचा आवाजही काढला.

जर्मनीत कसा आलो ते लांबण लावत नाही. एक अभ्यासक्रम कायझर्सलाउटर्नला सुरू केला, सोडला. दुसरा बर्लिनला घेतला, तोही अर्ध्यावर आहे. इथलं सगळं इंग्लंडच्या उलट. तिथे मी कुठे राहतो हे सरकारात कुणी विचारलंच नाही. इथे पहिल्या पंधरवड्यात आनमेल्डुंग, म्हणजे कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचा कागद दाखवायचा. बेलवर नाव, पत्रपेटीवर नाव. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. बोलतातही तसंच, जे आहे तेवढं. तुम्हाला इथे फार करमलं असतं.

मी चौथ्या मजल्यावर राहतो, आणि खाली दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. एकटेच, हातात काठी. गेल्या हिवाळ्यात जिन्यात मला पाहून थांबले आणि माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, ही वस्तू किटलीवर असते. आजवर कुणीच ओळखलं नव्हतं. मग कळलं की ते मूळचे उत्तरेकडचे, समुद्राकाठचे, आणि तो भाग चहावाल्यांचा. बाकी सगळा जर्मनी कॉफी पितो, हे लोक चहा. जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी मला सगळी रीत सांगितली. कपात आधी खडीसाखरेचा खडा, वर गरम चहा, तो खडा तडतडला पाहिजे. मग कडेनं साय सोडायची आणि ढवळायचं नाही. निदान तीन कप घ्यायचे, त्याआधी उठणं बरं दिसत नाही. आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. काठी कठड्याला टेकवून दोन्ही हातांनी दाखवत होते, तुम्ही ओट्यापाशी दाखवायचात तसं. शेवटी म्हणाले, रविवारी, तीन वाजता, माझ्याकडे. मी म्हणालो, हो, हो, आनंदानं.

रविवार आला. मित्राचा फोन आला, तळ्यावर सायकलनं जाऊ या. मी गेलो. संध्याकाळी परतलो तर दुसऱ्या मजल्यावर केकचा वास, आणि आजोबांचं दार किलकिलं. उठायला वेळ लागतो म्हणून त्यांनी ते माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. फटीतून टेबल दिसत होतं. दोन कप. एकात नुसता खडीसाखरेचा खडा, कोरडा. दुसऱ्यात चमचा आडवा ठेवलेला. म्हणजे त्यांनी एकट्यानं तीन कप घेतले आणि मग पुरे केलं. आत रेडिओ हळू चालू होता. मी बूट काढले, हातात घेतले, आणि मोज्यांवर चोरासारखा वर आलो.

मग कित्येक दिवस तसाच जायचो-यायचो, त्यांच्या मजल्यावर बूट हातात घेऊन. स्वतःला सांगत होतो की इंग्लंडनं शिकवलं ते हेच, या म्हटलं की जायचं नसतं, चूक त्या शिकवणीची. मराठी मित्रांनाही तसंच सांगितलं. गोष्टीला नवीन शेवट मिळाला म्हणून तेही हसले, पण या वेळी जरा कमी. एका जणाच्या बायकोनं तर विचारलं, म्हणजे ते आजोबा बसून राहिले? मी विषय बदलला.

तुम्ही मला एकदाच खरं रागावला होता. शनिवारी यजमान मी होतो आणि वाटेत एक माणूस फाटलेला भोंगा दुरुस्त करत बसला होता, ते बघत थांबलो. तुमच्याकडे पोचलो तेव्हा कपबशा विसळून पालथ्या घातलेल्या. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "तुझं लक्ष म्हणजे एसटीची मागची खिडकी आहे. दिसतं सगळं, पण मागं पळताना." मग पदरानं हात पुसत म्हणालात, "येतो म्हटलं की माणूस निम्मा आलेला असतो रे. उरलेला निम्मा तेवढा आणायचा असतो." मला तेव्हा ते फक्त छान वाक्य वाटलं. मी ते मित्रांना ऐकवलं, तुमच्या आवाजात.

या मंगळवारी आजोबा खाली पत्रपेट्यांपाशी सापडले. म्हणजे मीच त्यांना सापडलो, पायात बूट असताना. इतक्या दिवसांनी समोरासमोर. मी क्षमा मागितली आणि तेच इंग्लंडचं पुराण लावलं, की मला वाटलं तुम्ही सहज म्हणालात. त्यांनी पेटीचं दार बंद केलं, किल्ली खिशात ठेवली.

"सहज?" ते म्हणाले. "वार आणि वेळ कुणी सहज सांगतं का?"

राग नव्हता आवाजात, खरंच कुतूहल होतं. ते असह्य झालं आणि तोंडातून काहीतरी निघायचं म्हणून मी बोलून गेलो की, आता तुम्हीच या ना माझ्याकडे एकदा चहाला. अगदी इंग्लंडातल्या त्या समोरच्या बाईंसारखं. तसंच हसू, तसाच सूर. आजोबांनी कोटाच्या आतल्या खिशातून छोटी दिनदर्शिका काढली, पेन्सिल काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"आल्झो," म्हणाले, म्हणजे बरं तर, "कधी?"

त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली होती.

"रविवारी," मी म्हणालो.

"तीनला?"

"तीनला."

"महिनाअखेर मी मुलीकडे जातो आहे, कायमचा," ते लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे हा एकच रविवार आहे माझ्याकडे. दोन मजले चढायचे आहेत, हळू येईन."

आज तो रविवार आहे. सकाळी खोली झाडली. जुन्या बाजारातून दोन कप आणले होते, बशा जुळत नाहीत. खडीसाखर मिळाली, साय मिळाली. किटली शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून मागून आणली आणि तुमची टोपी तिला घातली. पहिल्यांदाच तिच्या जागी बघतोय. कान नसले की चांगली दिसते.

आता जे तुम्हालाच सांगता येईल ते. तळ्यावर गेलो त्या रविवारी मला पक्कं ठाऊक होतं की ते बोलावणं खरं आहे. इंग्लंडचा काही संबंध नाही. तुमचा तर नाहीच. तुम्ही शिकवलं ते चूक नव्हतं, मी फक्त ते चुकीच्या दारात नेलं आणि बरोबर दार आलं तेव्हा बूट हातात घेतले. मला भीती वाटली होती तीन कपांची. तीन कप म्हणजे तासदीड तास एका जागी, समोरासमोर, आणि तेवढ्यात माणूस विचारतोच, काय करता, काय शिकता, कुठपर्यंत आलं. एका कपापुरतं मी कुणालाही गोड बोलू शकतो. दुसऱ्याला माझं सगळं संपतं.

तुम्हाला लिहायला बसलो तेही त्याचमुळे. तुम्ही काही विचारत नाही. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. चहाला कसे जातात ते लिही म्हणाला होतात, आणि मी कसा गेलो नाही ते लिहून बसलोय.

जिन्यात काठी वाजतेय. एक पायरी, मग थांबतात, मग पुढची. दुसऱ्या मजल्यावरून निघालेत. बाई, एक राहिलं. मी दुपारी जेवण झाल्यापासून बूट घालून बसलोय, सायकलची किल्लीही खिशात आहे. आग लागली तरच वापरायच्या मागच्या लोखंडी जिन्यानं अजूनही उतरून जाता येईल. काठी तिसऱ्या मजल्यावर थांबलीय, श्वास घेत असतील. दार किलकिलं करून ठेवतो आणि बूट काढतो.