तिसऱ्या मजल्याची मागची गॅलरी

लालबाग, मुंबई
२७ नोव्हेंबर १९५५

ती. ताईस,
जगदीशचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सोमवारी फोर्टात गोळीबार झाला तेव्हा मी शिवडीच्या गोदामात कामावर होतो, मोर्चात नव्हतो. भावोजींना तसं सांग. ते मला शहाणा म्हणतील नाहीतर भित्रा, दोन्ही चालेल.

खरी काळजी घरातलीच आहे. आपल्या मजल्याची मागची गॅलरी, जिथे नळ आणि संडास आहेत, ती खचू लागली आहे. भिंतीपासून बोटभर सुटली आहे. सकाळी पाण्याला रांग लागली की पायाखाली करकर वाजते. मालकाने हात वर केले, तेव्हा चाळकऱ्यांनी वर्गणी काढून आपणच इंजिनीअर आणायचं ठरवलं. कमिटीचा चिटणीस मी, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात.

दोघे येऊन गेले. पहिल्याने खालून वर बघत एक फेरी मारली, काठीने जरा ठोकलं आणि लोखंडी पट्ट्या मारून वर गिलावा केला की झालं, असं सांगितलं. दुसरे गिरगावचे रमाकांत पाठारे. फळ्या उचकटून तुळयांची भिंतीत गेलेली टोकं पाहिल्याशिवाय आपण काहीच सांगणार नाही, असं ते म्हणाले. त्यांची फी पहिल्याच्या तिप्पट. शेजारचे बाबुराव बैठकीत म्हणाले, की आत काय आहे हे ज्याला अजून ठाऊक नाही, त्याला जास्त पैसे कशाचे द्यायचे. सगळे हसले. त्यात उद्या संप झाला तर गिरणीवाल्यांच्या घरी पगार येणार नाही, हेही खरंच आहे.

तुला काय वाटतं ते लगेच कळव. माया आहेच, ती दूर राहून पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जगदीश

---

मालवण
८ डिसेंबर १९५५

चि. जगदीश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. आई रोज पहाटे भरलेली कळशी घेऊन त्याच गॅलरीतून येते ना? तिला बोटीने इकडे पाठवून दे म्हटलं तर ती येणार नाही, हे मला माहीत आहे.

मी शाळेत मुलींना गणित शिकवते, मला तुळयांतलं काही कळत नाही. पण बांगडा घेताना तू कल्ला उघडून बघतोस की टोपलीवरूनच भाव ठरवतोस? जो आत बघू म्हणतो त्याला तुम्ही हसलात. दोघांनी आधी कुठे कामं केली ती घरं विचारून घे आणि स्वतः जाऊन बघ. तिथल्या मालकाला विचारू नकोस, तिथे पाणी भरणाऱ्या बायकांना विचार. त्या खोटं कशाला सांगतील?

तुझे भावोजी तुला शहाणाच म्हणाले, पण जरा वेळ घेऊन. सौ. लक्ष्मीला आणि आईला जप. उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगलेला राहील, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
कांताताई

---

लालबाग, मुंबई
१० जानेवारी १९५६

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्याचं काम प्रभादेवीच्या एका गल्लीत आहे. गिलावा असा गुळगुळीत की हात फिरवावा. पण त्याच्यातून जुनी चीर पुन्हा वर आली आहे, आणि कोणी टेकू नये म्हणून लोकांनी कठड्याला दोरी बांधली आहे. जाईबाई म्हणून एक बाई तिथे राहतात. पैसे घेतल्यावर तो माणूस पुन्हा फिरकला नाही आणि आता त्या मुलांना त्या बाजूला झोपवत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

पाठाऱ्यांचं काम गिरगावात पाहिलं. तिथल्या राधाबाईंनी आधी त्यांना शिव्याच घातल्या. महिनाभर आम्हाला खोलीबाहेर काढलं मेल्याने, म्हणाल्या. मग सांगू लागल्या, की दर पावसाळ्याआधी न बोलावता येतो आणि भिंतीला कान लावून जातो.

हे सगळं बैठकीत सांगितलं तरी बाबुराव ऐकेनात. शेवटी आईच उठली. पाय टेकलो की फळी खाली जाता, ह्यां माका कळता, एवढंच म्हणाली आणि बसली. पाठाऱ्यांच्या बाजूने थोडीच मतं जास्त पडली.

त्यांनी गेल्या आठवड्यात फळ्या काढल्या. ताई, तुळईच्या टोकात त्यांनी मला बोट घालायला लावलं. लाकूड नव्हतंच. भिजलेला भुसा होता. इतकी वर्षं आपण त्याच्यावर उभं राहून दात घासले.

फळ्या तात्पुरत्या परत बसवून तळमजल्यापासून वरपर्यंत त्यांनी एकावर एक टेकू लावले आहेत आणि लोखंडी तुळया येईपर्यंत गॅलरी फळी ठोकून बंद केली आहे. सगळे दुसऱ्या मजल्यावर पाण्याला जातात आणि येता-जाता माझा उद्धार करतात. करू देत. शहरातली हवा मात्र चांगली नाही. कधी काय पेटेल सांगता येत नाही.

आशीर्वाद असाच पाठीशी राहू दे, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा,
जगदीश

---

मालवण
२४ जानेवारी १९५६

चि. जगदीश यास,
अ. आ.

मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, हे रेडिओवर ऐकल्यापासून पुढे फक्त गोळीबार आणि कर्फ्यूच्या बातम्या. लालबागचं नाव रोज येतं. टपाल नाही. बोटीतून उतरलेला एक जण म्हणाला, की पोलीस चाळींच्या गॅलऱ्यांवर गोळ्या झाडतात. बाहेर पडलात तर गोळी आणि घरात राहिलात तर ती गॅलरी. मी देवासमोर बसते आणि काय मागावं तेच सुचत नाही.

एक ओळ लिही. आईच्या हातची खूण केलेली असली तरी चालेल.

कांताताई

---

लालबाग, मुंबई
१० फेब्रुवारी १९५६

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी सांगतो, आम्ही तिघंही आहोत. आता सावकाश वाच.

कर्फ्यूच्या दिवसांत एका दुपारी खाली दगडफेक झाली आणि अश्रुधुराची नळकांडी आमच्या पुढच्या गॅलरीत येऊन पडली. पाठोपाठ गोळ्या. रस्त्यावरची माणसं जिने चढून वर घुसली. पुढे थांबणं शक्यच नव्हतं, डोळे उघडत नव्हते. सगळे मागच्या बाजूला धावले. मी त्या ठोकलेल्या फळीला पाठ लावून ओरडत होतो, की इकडे येऊ नका, गॅलरी पडेल. ज्यांच्या पाठीमागे गोळ्या सुटत होत्या, ते माझं काय ऐकणार? फळी मोडली, मी आडवा झालो. उठून बघतो तर गॅलरी माणसांनी गच्च भरलेली, आणि आईला धरून लक्ष्मी पार कठड्याशी.

गॅलरीत जावं तर माझंही वजन पडणार. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तेवढ्यात खालून गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळी गॅलरी एकदम खाली बसली. मला वाटलं, गेली. ती थांबली. ताई, इतकी माणसं आणि नुसते श्वास ऐकू येत होते.

बाबुराव मधोमध उभे होते, त्यांची मुलगी चंपा कडेवर. त्यांनी हळू आवाजात सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं आणि कठड्याकडच्या बायकांपासून एकेकाला आत सोडलं. चंपाला पुढे दिलं, पण स्वतः सगळ्यांच्या शेवटी आले. आईचा हात माझ्या हातात आला तो बर्फासारखा गार होता. त्या रात्रीपासून ती माझा सदरा मुठीत धरून झोपते.

कर्फ्यू सैल झाल्यावर पाठारे गिरगावातून चालत आले. दोन टेकू उभे चिरले होते आणि एक तुळई भिंतीतून पूर्ण निसटली होती. म्हणजे त्या दुपारी गॅलरी फक्त टेकूंवर उभी होती. ते पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. हरताळाच्या दिवसांत सगळी चाळ घरीच असेल, म्हणून त्यांनी टेकू दुप्पट लावले होते. त्या जादा लाकडावरून कमिटीने त्यांच्याशी किती हुज्जत घातली होती. त्यांनी तो विषयही काढला नाही. गॅलरीत किती माणसं होती, एवढं विचारलं, आणि उत्तर ऐकून उठून टेकू पुन्हा तपासायला गेले.

लोखंडी तुळया आता बसल्या आहेत. पाठारे स्वतः रोज उभे राहतात आणि पसंत न पडलेलं काम पुन्हा करायला लावतात. तरी रात्री कुठे लाकूड वाजलं की मी उठून बसतो.

काल कामावरून येताना पलीकडच्या चाळीत परांची बांधलेली दिसली. आम्ही नाकारलेला तो पहिला माणूस तिथे मागच्या गॅलरीला गिलावा करतो आहे. स्वस्तात मिळाला म्हणून लोक खूश आहेत. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी त्याच गॅलरीत बायकांचं हळदीकुंकू आहे. बाबुरावांना सांगितलं, तर ते टोपी घालून दारात येऊन उभे राहिले. हे पत्र पेटीत टाकून आम्ही दोघं तिकडेच जातो आहोत. तिथे आमच्या ओळखीचं कोणी नाही, आणि ते आम्हाला हसतील असंच वाटतं.

आमच्यासाठी मुठीत धरलेला जीव त्या रविवारपर्यंत त्यांच्यासाठीही धर.

तुझा,
जगदीश