कार्तिकातलं गरम पाणी

आई, आज हॉस्टेलवाल्यांनी माझी टाकी काढली. घरी पोट्ट्यांले मराठी समजते, पण टाकीचं नाव काढलं का "मम्मी, फिर वही?" म्हणतात. म्हणून तुले लिहून राहिली.

तू गेली तेव्हा हे राज्यही नव्हतं, नवी राजधानी तर दूरच. त्या नव्या राजधानीतल्या पोरींच्या हॉस्टेलवर मी ती टाकी बसवली होती. आत मेण भरलेलं, मेणातून तांब्याच्या नळ्या. दिवसा छतावर उन्हानं तापलेलं पाणी नळ्यांतून फिरते, मेण वितळते. पहाटे त्याच नळ्यांत थंड पाणी सोडलं का मेण थिजता थिजता आपली गरमी पाण्याले देते. बस, इतकंच. ह्या इतक्यासाठी माझ्या नोकरीची अर्धी वर्षं गेली. भानगड अशी, का मेण पहिले नळीलेच चिकटून थिजते. त्या थराच्या मागे टाकीभर गरम मेण असते, पण गरमी बाहेर येत नाही. मी नळ्यांले पत्र्याचे पंख लावले, जरा सुधरलं. पोरी सहापासून नवापर्यंत एकेक करून नहातील, असा माझा हिशोब होता.

अन् कार्तिक लागला. खेड्यातल्या पोरी त्या, महिनाभर तारे असतानाच नहाणार, अन् सगळ्या एकदम. सगळे नळ एकदम उघडले, दहा मिनिटांत गार पाणी! "ठंडा पानी आवत हे दीदी," पोरी मलेच सांगून राहिल्या. मी तात्यापाऱ्यात, आपल्या मराठी मोहल्ल्यात वाढलेली, अन् कार्तिक विसरली! तू असती तर कान पिळला असता.

तू मले ओढून उठवायची. "ऊठ वं, उजाडून राहिलं." मी कुडकुडत म्हणते, गरम पाणी दे ना. "कार्तिकात गरम पाणी? लाज नाही वाटत?" असं खेकसते तू, अन् देवघराकडे पाहात चुलीवरचं तांब्याभर पाणी माझ्या बालटीत ओतते. मी काही पाहिलं नाही असं दाखवते. तुझ्या बालटीत मात्र तू कधी ओतलं नाही.

त्यानंतर दर कार्तिकात हेच. नळ्या बदल, मेण बदल, पहाटे हॉस्टेलवर धाव. शेवटी वॉर्डन म्हणाली, "दीदी, बुरा मत मानिए, गीज़र लगवा रहे हैं।" मी म्हटलं, हव.

आज टाकी खाली उतरवली तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी मले चहा पाजला, तोंडं लांब करून. मीही तोंड लांब केलं. पण खरं सांगू, आई? मले काहीच वाईट वाटलं नाही. इतकं हलकं वाटलं का परत येताना मी गाडीत घोरत होती म्हणे. हे ऑफिसातल्या पोरांसमोर बोलता येत नाही, अन् तू तर ऐकतच नाही, म्हणून तुले सांगितलं.